अझरबैजानी नेमके कोण? तुर्क, तातार, मुसलमान की आणखी काही?

नदीपल्याड

काराबाखच्या (अझरबैजान आणि आर्मेनिया यांच्यातल्या वादाच्या प्रदेशाच्या) धाग्यावर दोन दावे सारखे येत होते. पहिला : अझरबैजानी हे दोन हजार वर्षांपासूनचं एकसंध राष्ट्र आहे. दुसरा : १९३७च्या आधी ‘अझरबैजानी’ नावाचे लोकच नव्हते, स्टालिनने ते कागदावर तयार केले. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

माझ्या मते दोन्ही बाजू एकाच जागी चुकतात. नाव, भाषा, पंथ आणि राज्य या चारही गोष्टी एकदमच जन्मल्या असं दोघंही धरून चालतात. खरं तर त्या वेगवेगळ्या शतकांत, वेगवेगळ्या दिशांनी आल्या.

नाव सगळ्यात जुनं. अलेक्झांडरच्या काळात मीडिया प्रांताचा आत्रोपात नावाचा एक इराणी सुभेदार होता. अलेक्झांडर गेल्यावर त्याने वायव्येकडचा भाग स्वतःकडे राखला. त्यावरून आत्रोपातेने, पुढे आदुरबादगान, आणि अरबी वळणाने अझरबैजान. हा मुलूख मुख्यतः आरास नदीच्या दक्षिणेला, म्हणजे आजच्या इराणमधल्या तबरीझ, अर्दबील, उर्मियाच्या भागात. आज ज्याला आपण अझरबैजान देश म्हणतो त्या उत्तरेकडच्या भागाला तेव्हा कॉकेशियन अल्बानिया म्हणत (बाल्कनमधल्या अल्बानियाशी याचा काही संबंध नाही). नंतर अर्रान, आणि कास्पियनच्या बाजूला शिरवान.

भाषा आली अकराव्या शतकापासून, सेल्जुकांबरोबर आलेल्या ओगुझ तुर्क टोळ्यांकडून. हा बदल एका पिढीत झाला नाही, काही शतकं चालला. त्याआधी दक्षिणेत इराणी कुळातल्या बोली होत्या. त्यांचे नातेवाईक ताती आणि तालिश या रूपात आजही जिवंत आहेत. उत्तरेत कॉकेशियन भाषा होत्या. गाबाला जिल्ह्यातल्या नीज गावात उदी लोक आजही त्यांपैकी एक बोलतात. म्हणजे आजच्या माणसाचे पूर्वज ‘मध्य आशियातून आले’ हेही पूर्ण खरं नाही. बरेचसे तिथलेच होते, भाषा बदलली.

पंथ १५०१चा : शाह इस्माईलने तबरीझ घेतलं आणि बारा इमामी शिया पंथ राजधर्म केला. उत्तरेकडे, विशेषतः दागेस्तानच्या बाजूला, सुन्नी वस्ती टिकून राहिली.

आणि राज्य, या नावाचं, १९१८चं.

---

पाटीपेन्सिल

छान मांडणी. भाषेवर एक पुस्ती जोडतो, कारण त्याशिवाय जुन्या टोळ्यांची नावं कळत नाहीत.

तुर्की भाषांतला ‘लू / ली’ हा प्रत्यय बराचसा आपल्या ‘कर’सारखा आहे. इस्माईलला गादीवर बसवणाऱ्या किझिलबाश (लाल टोपीवाल्या) टोळ्यांची नावं पाहा : शामलू, रूमलू. म्हणजे शामकर (सीरियाकडचे) आणि रूमकर (अनातोलियाकडचे). ‘आझर्बायजान्ली’ म्हणजे अझरबैजानकर. हा मुळात स्थानवाचक शब्द आहे, वंशवाचक नाही. पुढची सगळी भांडणं या एका प्रत्ययात दडलेली आहेत.

हाच प्रत्यय ‘असलेला’ या अर्थानेही लागतो. कारा कोयुनलू म्हणजे काळ्या मेंढीवाले, आक कोयुनलू म्हणजे पांढऱ्या मेंढीवाले. सफवींच्या, म्हणजे इस्माईलच्या घराण्याच्या, आधी तबरीझवर याच दोन घराण्यांचं राज्य होतं.

‘इराणी सफवी राजा’ असं आपण बिनधास्त म्हणतो, पण शाह इस्माईल ‘खताई’ या नावाने कविता लिहायचा, आणि त्याचा मुख्य दीवान (काव्यसंग्रह) तुर्कीत आहे. राजा इराणचा, घरची भाषा तुर्की, दफ्तराची भाषा फारसी. त्या काळात यात कोणालाच विसंगती वाटत नव्हती.

---

खडूस वाचक

हे ठीक. पण मग दुसरा दावा खोटा कसा ठरतो? १८५० साली गांजा शहराजवळच्या शेतकऱ्याला ‘तू कोण’ विचारलं असतं तर ‘अझरबैजानी’ असं उत्तर आलं असतं का? नाही ना? मग नाव वरूनच चिकटवलेलं.

---

नदीपल्याड

नसतं आलं, कबूल. ‘मुसलमान’ असं आलं असतं, नाहीतर गावाचं, खानाचं नाव. भाषेचं नाव विचारलं तर ‘तुर्की’. नादिरशहाचा १७४७मध्ये खून झाला आणि हा सगळा भाग खानतींमध्ये (खानांच्या छोट्या राज्यांमध्ये) फुटला : बाकू, गुबा, शेकी, शिरवान, गांजा, काराबाख, नखचिवान, येरेवान, तालिश. माणसाची निष्ठा त्या पातळीवर होती.

रशियाने हे तुकडे एकेक करून गिळले. गांजा जानेवारी १८०४मध्ये पडलं, नाव बदलून येलिझावेतपोल झालं. १८१३चा गुलिस्तान तह आणि फेब्रुवारी १८२८चा तुर्कमेनचाय तह यांनी आरास नदी ही सरहद्द झाली. एकाच भाषेचे, बहुतांशी एकाच पंथाचे लोक दोन साम्राज्यांत विभागले गेले. हा धागा समजायला एकच तारीख पाठ करायची असेल तर १८२८ करा.

आता कागदपत्रं वाचताना जिथे हमखास घसरायला होतं ते सांगतो. रशियन सरकार या लोकांना ‘तातार’ म्हणे. १८९७च्या जनगणनेत ते तातारच आहेत. १९०५च्या दंगलींना म्हणूनच ‘आर्मेनियन-तातार’ दंगली म्हणतात. व्होल्गाकाठच्या किंवा क्रिमियाच्या तातारांशी याचा संबंध नाही. रशियन कवी लेर्मोंतोव कॉकेशसात ‘तातार’ भाषा शिकत होता ती हीच मानतात. १९२६च्या जनगणनेत तेच लोक ‘त्युर्क’, आणि १९३९च्या जनगणनेत ‘अझरबैजानी’. तीन तक्ते शेजारी ठेवून ‘तातार कुठे गेले, अझरबैजानी कुठून आले’ असा शोध लावणारे खूप आहेत. कोणी कुठे गेलं नाही, रकान्याचं शीर्षक बदललं.

---

दख्खनी उंट

अवांतर आहे, पण आपल्या अंगणातलं म्हणून लिहितो.

वर आलेल्या कारा कोयुनलूंचा वारसा सांगणारा सुलतान कुली दख्खनमध्ये आला आणि त्याने गोवळकोंड्याची कुतुबशाही उभी केली. विजापुरात यूसुफ आदिलशहाने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे तबरीझच्या पाठोपाठ, शिया खुतबा (शुक्रवारच्या नमाजातलं प्रवचन) सुरू केला. त्याचा मुलगा इस्माईल याच्या कारकिर्दीत सफवी दरबाराचा दूत आला, तेव्हा सैन्याला बारा टोकांची लाल किझिलबाश टोपी घालण्याचा हुकूम निघाला. इतिहासकार फिरिश्त्याने ही नोंद केली आहे. म्हणजे तबरीझच्या दरबारातली लाल टोपी काही वर्षांत कृष्णा-भीमेच्या खोऱ्यात दिसत होती.

शब्दही बघा : तोफ, कैची, चमचा. तिकडे आजही टोप, गायची, चॉम्चॅ. आपल्याकडे ते फारसीच्या वाटेने आले, पण मूळ तुर्की.

---

गंधकवडी

खडूस वाचक यांच्या मुद्द्याकडे परत येतो. ‘वरून चिकटवलं’ म्हणताना एकोणिसावं शतक गाळून चालणार नाही.

मिर्झा फतअली आखुंदोव (१८१२ ते १८७८), जन्म शेकीचा, नोकरी तिफ्लिसमध्ये (आजचं तिबिलिसी) रशियन दफ्तरात दुभाष्याची. १८५०च्या दशकात त्याने बोलीभाषेत सुखात्मिका लिहिल्या आणि १८५७मध्ये अरबी लिपी सुधारण्याचा आराखडा मांडला. कारण व्यावहारिक होतं : तुर्की भाषेत नऊ स्वर, अरबी लिपीत त्यांना पुरेशी चिन्हंच नाहीत. एकच लिखाण तीन प्रकारे वाचता येतं. मूल अक्षरं शिकतं, पण वाचायला शिकत नाही.

मग हसन बे झर्दाबीचं ‘अकिंची’, म्हणजे शेतकरी. बाकूत १८७५ ते १८७७, एकूण ५६ अंक. रशिया-तुर्कस्तान युद्ध पेटल्यावर ते बंद पडलं. साध्या बोलीत शेती, आरोग्य, शाळा असे विषय. त्यानंतर तिफ्लिसच्या ‘केश्कुल’ या नियतकालिकात धर्म आणि राष्ट्र वेगळे करून ‘अझरबैजानी तुर्क’ असं नाव सुचवलं गेलं. हे १८९१च्या आसपासचं. स्टालिन तेव्हा गोरीच्या शाळेत होता.

पुढचा वाद तर आपल्याला चटकन कळेल असा आहे. अली बे हुसेनझादेचं ‘फुयुझात’ (१९०६-०७) उस्मानी वळणाच्या जड भाषेत निघायचं : सगळ्या तुर्कांची एकच साहित्यभाषा हवी, असा आग्रह. त्याच सुमाराला जलील मम्मदगुलूझादेचं व्यंगचित्रांचं साप्ताहिक ‘मोल्ला नस्रेद्दीन’ एप्रिल १९०६मध्ये तिफ्लिसमध्ये सुरू झालं. ते बाजारातल्या भाषेत लिहायचं आणि मुल्ला, खान, जार, नवरे सगळ्यांची टर उडवायचं. जिंकलं ‘मोल्ला नस्रेद्दीन’च. इस्तंबुलची तुर्की आणि बाकूची भाषा वेगळ्या राहिल्या, यात त्या व्यंगचित्रांचा वाटा कोणत्याही हुकुमाहून मोठा आहे असं मला वाटतं.

या सगळ्याला पैसा तेलाचा. १८७२मध्ये तेलजमिनींचे लिलाव सुरू झाले. १९०१ साली जगातलं जवळपास निम्मं तेल बाकूत निघत होतं. तेलसम्राट तागियेव स्वतः निरक्षर, पण १९०१मध्ये मुसलमान मुलींची शाळा त्यानेच काढली. उझेयिर हाजिबेयोवचा ‘लेयली आणि मज्नून’ हा ऑपेरा १९०८मध्ये त्याच्याच नाट्यगृहात झाला. त्यात मुगाम गायकीला पाश्चात्य वाद्यवृंदाची जोड आहे.

---

खडूस वाचक

एक गुण तुम्हाला. पण ‘अझरबैजान’ हे दक्षिणेचं नाव उत्तरेने १९१८मध्ये पळवलं, हा इराणचा आक्षेप तर खरा ना?

---

नदीपल्याड

अर्धा खरा.

२८ मे १९१८ रोजी तिफ्लिसमध्ये राष्ट्रीय परिषदेने स्वातंत्र्य जाहीर केलं. बाकू तेव्हा बोल्शेविकांच्या हातात होतं, मार्चमधल्या मुसलमानांच्या कत्तली ताज्या होत्या. सरकार गांज्यात बसलं, आणि १५ सप्टेंबरला उस्मानी सेनापती नुरी पाशाच्या फौजेबरोबर बाकू हाती आलं. ‘अझरबैजान’ नावावर तेहरान लगेच बिथरलं : आज नाव घेतलं, उद्या तबरीझ मागतील. म्हणून परराष्ट्रव्यवहाराच्या कागदांवर ‘कॉकेशसचं अझरबैजान’ असं लिहायला सुरुवात झाली. गंमत म्हणजे एप्रिल १९२०मध्ये तबरीझचा बंडखोर पुढारी खियाबानी याने उलटा डाव टाकला. उत्तरेशी घोळ नको म्हणून त्याने आपल्याच प्रांताचं नाव ‘आझादिस्तान’ करून टाकलं!

अर्धा खोटा अशासाठी की आरासची रेघ नावाच्या बाबतीत कधीच इतकी पक्की नव्हती. काही मध्ययुगीन लेखक अझरबैजान हे नाव नदीच्या उत्तरेलाही ताणतात, आणि नादिरशहाने दोन्ही काठांचे प्रांत एकत्र करून आपल्या भावाच्या हाती दिले होते.

ते प्रजासत्ताक २३ महिनेच टिकलं, पण आजचा देश स्वतःला त्याचाच वारस म्हणवतो. ३० ऑगस्ट १९९१च्या स्वातंत्र्यघोषणेचा शब्द ‘पुनःस्थापना’ आहे, स्थापना नव्हे. निळा-लाल-हिरवा झेंडा ९ नोव्हेंबर १९१८चा : निळा तुर्कपणाचा, लाल आधुनिकतेचा, हिरवा इस्लामचा. हुसेनझादेची त्रिसूत्रीच कापडावर उतरली. बायकांना मतदानाचा हक्क त्याच काळातला. बाकूचं विद्यापीठ १९१९चं. राष्ट्रगीताची चाल हाजिबेयोवची, शब्द अहमद जवादचे. जवादला १९३७मध्ये गोळी घातली गेली.

---

पाटीपेन्सिल

१९३७ आलंच आहे तर ‘स्टालिनने बनवलं’ यात खरं किती ते पाहू.

खरं एवढंच की तोवर सोव्हिएत कागदांवर लोक आणि भाषा दोन्ही ‘तुर्क / तुर्की’ होत्या. १९३६-३७च्या सुमारास दोन्हींचं नाव ‘अझरबैजानी’ झालं. तुर्कस्तानशी भावनिक धागा तुटावा, हा हेतू उघड आहे. त्याच लाटेत बाराव्या शतकापर्यंत मागे जाऊन गांज्याचा कवी निझामी ‘अझरबैजानी राष्ट्रकवी’ ठरला. त्याची काव्यं फारसीत आहेत, त्यामुळे इराणी वाचक आजही या दाव्यावर चिडतो. आठशेव्या जयंतीची तयारी १९४१ची होती, युद्धामुळे सोहळा १९४७ला झाला. जन्मगाव गांजा हे खरं, पण राष्ट्रीयत्वाचा शिक्का विसाव्या शतकाचा.

लिपीचा गोंधळ मात्र कल्पनेपलीकडचा. १९२०च्या दशकात रोमन लिपी आली आणि १ जानेवारी १९२९पासून सक्तीची झाली. १ जानेवारी १९४०पासून सिरिलिक. १९५८मध्ये त्यातली काही रशियन अक्षरं काढली. डिसेंबर १९९१मध्ये पुन्हा रोमनचा कायदा, पण नवी रोमन १९२९ची नव्हे. वर्तमानपत्रं-दफ्तरं सगळी रोमनमध्ये यायला १ ऑगस्ट २००१ उजाडला. १९१५ साली जन्मलेला माणूस अरबी लिपीत धुळाक्षरं गिरवतो, चौदाव्या वर्षी रोमन शिकतो, पंचविसाव्या वर्षी सिरिलिक, आणि शहात्तराव्या वर्षी पुन्हा रोमन. आजोबांची पत्रं नातवाला वाचता येत नाहीत, तीही भाषा तीच असून.

नावांवर याचा थेट परिणाम. आखुंदझादेचा आखुंदोव झाला, आता पुष्कळ जण ‘ओव’ काढून ‘ली’, ‘झादे’कडे परत जातात. जुनी माणसं शोधताना दोन्ही रूपं आणि दोन्ही लिप्या तपासायच्या. एकाच रूपावर शोधलं की निम्मा माल हातातून निसटतो.

---

कानामात्रा

उच्चाराचं थोडं, कारण मराठी वर्तमानपत्रं इंग्रजीवरून लिहितात आणि घोटाळा करतात.

त्यांच्या रोमन लिपीत उलटं लिहिलेलं छोटं ‘ई’ (ə) हे अक्षर सगळीकडे दिसतं. इंग्रजी त्याचा ‘ए’ किंवा ‘अ’ करते. त्याचा उच्चार आपला ॲ, बॅटमधला. हे लिहायची सोय देवनागरीत मराठीकडे आयती आहे. गांजा खरं म्हणजे ‘गॅन्जॅ’, शेकी ‘शॅकी’, अलियेव ‘ॲलियेव’. रोमन ‘सी’ म्हणजे ज, शेपटीवाला ‘सी’ म्हणजे च, ‘एक्स’ म्हणजे घशातला ख, ‘क्यू’ म्हणजे बराचसा ग. म्हणून काराबाख त्यांच्या तोंडी ‘गाराबाघ’ होतं.

डिसेंबर १९९१च्या कायद्यात ॲसाठी दोन टिंबांचा ‘ए’ (ä) घेतला होता. मे १९९२मध्ये तो काढून उलटा ‘ई’ परत आणला. भाषेत सर्वांत जास्त येणारा स्वर, प्रत्येक वेळी दोन टिंबं कोण देणार? शिवाय १९२९च्या रोमनमध्ये आणि सिरिलिकमध्येही तोच होता, डोळ्यांना सवय होती. तोटा असा झाला की तुर्कस्तानसाठी बनवलेल्या जुन्या संगणकी संकेतसंचात हे अक्षरच नव्हतं. त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या फायलींत त्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं सापडतात.

---

दख्खनी उंट

देवनागरीवरून आठवलं. बाकूजवळ सुराखानीत आतेशगाह नावाचं अग्निमंदिर आहे. तिथल्या भिंतींवर १७ शिलालेख आहेत, बहुतेक देवनागरीत, दोन गुरुमुखीत, एक फारसीत. सुरुवात चक्क ‘श्री गणेशाय नमः’. एकावर संवत १८०२, म्हणजे इ.स. १७४५-४६. हे काम सिंध-मुलतानकडच्या व्यापाऱ्यांचं आणि साधूंचं. बाकूच्या जुन्या शहरात मुलतानी सराईही आहे. जमिनीतून येणारा नैसर्गिक वायू सोव्हिएत काळातल्या उपशाने १९६९मध्ये आटला, आता तिथली ज्योत नळाच्या वायूवर जळते.

‘अझर म्हणजे आग, म्हणून अग्नीचा देश’ ही पर्यटन खात्याची आवडती व्युत्पत्ती. आत्रोपातच्या नावात ‘आतर’ म्हणजे अग्नी आहे हे खरं, पण देशाला नाव माणसावरून पडलं, ज्वाळांवरून नव्हे.

---

खडूस वाचक

इराणातल्या अझरींचं काय? ते तर संख्येने जास्त आहेत म्हणतात. मग ते वेगळं का होत नाहीत?

---

गंधकवडी

इराणची जनगणना वांशिक गट विचारत नाही, त्यामुळे कोणताही नेमका आकडा हा अंदाजच असतो. अझरबैजान प्रजासत्ताकातल्या अझरींपेक्षा ते जास्त आहेत, यावर मात्र बहुतेकांचं एकमत आहे.

‘का होत नाहीत’ हा प्रश्न बाकूच्या खिडकीतून विचारलेला आहे. तबरीझहून पाहिलं तर सफवी, अफ्शार, काजार ही तुर्की बोलणारी घराणीच इराण चालवत होती. तबरीझ काजारांच्या युवराजाचं शहर. १९०८-०९मध्ये शहाच्या फौजेचा वेढा पडला तेव्हा सत्तार खान तबरीझमध्ये लढला तो इराणच्या संविधानासाठी. तो माणूस ‘परक्या राज्यात’ राहत नव्हता, राज्य त्याचंच होतं. धक्का बसला तो काजारांनंतरच्या पहलवी घराण्याच्या काळात, जेव्हा शाळा-कचेऱ्यांतून तुर्की हद्दपार झाली.

एकदा वेगळी वाट झाली होती. डिसेंबर १९४५मध्ये सोव्हिएत फौजेच्या छायेत पिशेवारीचं सरकार तबरीझमध्ये आलं : तुर्कीत शाळा, जमीनवाटप, विद्यापीठ. फौज मागे फिरली आणि सरकार आल्यापासून बरोबर वर्षभराने, डिसेंबर १९४६मध्ये, तेहरानचं सैन्य आत शिरलं. आज तिथे भाषेच्या हक्काची मागणी आहे, सरहद्द बदलण्याची मागणी फार थोड्यांची. त्यांची तुर्की आजही अरबी लिपीत लिहिली जाते, म्हणजे दोन्हीकडचे नातेवाईक फोनवर तासभर बोलतील, पण एकमेकांचं वर्तमानपत्र वाचू शकणार नाहीत.

---

पाटीपेन्सिल

आणि उत्तरेतही ‘आपण कोण’ यावर अजून एकमत नाही. डिसेंबर १९९२च्या कायद्यात राजभाषेचं नाव ‘तुर्की’ होतं, तो राष्ट्राध्यक्ष एल्चिबेयचा काळ. नोव्हेंबर १९९५च्या संविधानात ते पुन्हा ‘अझरबैजानी’ झालं, त्याच्यानंतरच्या राष्ट्राध्यक्षाचा, हेय्दर अलियेवचा काळ. त्यामागे हिशेब होता : ‘तुर्क’ म्हटलं की लेझ्गी, तालिश, उदी हे अल्पसंख्याक बाहेर पडतात. ‘अझरबैजानकर’ म्हटलं की निदान शब्दात तरी सगळे बसतात. प्रत्यक्षात तालिशांची तक्रार वेगळी आहे, आणि काराबाखच्या आर्मेनियनांच्या बाबतीत तर ती चौकट पार फुटली. २०२३च्या सप्टेंबरमध्ये १ लाखाहून जास्त लोक तिथून निघून गेले. २००९च्या जनगणनेत अझरबैजानी ९१.६ टक्के होते. उरलेल्यांचं स्थान काय, हा प्रश्न शब्द बदलून सुटलेला नाही.

---

कानामात्रा

मराठीत मग लिहायचं कसं? देशाचा कोणताही नागरिक : अझरबैजानी. इराण धरून तो भाषिक समाज : अझरी, नाहीतर अझरबैजानी तुर्क. फक्त ‘अझरी’ लिहिताना एक सांभाळा : इराणी अभ्यासक ‘आझरी’ हे नाव तुर्की येण्याआधीच्या, लुप्त झालेल्या इराणी बोलीसाठी वापरतात. इराणी इतिहासकार कसरवीने १९२५मध्ये त्यावरच पुस्तिका लिहिली. संदर्भ इराणी असेल तर आधी शतक बघा, मग अनुवाद करा.

---

नदीपल्याड

धाग्याच्या शीर्षकात ‘अझरबैजानी’ आहे, ते या हिशेबाने ‘अझरी’ हवं होतं. संपादनाची मुदत संपली, आता राहू दे. नवरूझच्या आधीचे चार मंगळवार (पाणी, आग, वारा, माती) दोन्ही काठांवर कसे साजरे होतात, त्याचा वेगळा धागा काढतो. तिथे खाण्याचे पदार्थही येतील.